माप कोणाचे? : विणलेल्या भेटवस्तूचे एक वाचन

मराठीत ‘विणणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, खाट सुतळीने विणली जाते आणि सुगरण खोपा विणते. पक्ष्यांच्या अंडी-पिलांच्या दिवसांना आपण ‘विणीचा हंगाम’ म्हणतो. नात्यांची वीण घट्ट असते किंवा सैल होते. समीक्षेतही कथेची वीण, कादंबरीचा पोत हे शब्द आपण सहज वापरतो. असे असूनही दोन सुयांवर किंवा क्रोशाच्या सुईवर घराघरांत जे प्रत्यक्ष विणले गेले, त्याकडे आपल्या समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले. तिने रूपक उचलले आणि वस्तू पेटीतच राहू दिली.

प्रस्तुत लेखात मी त्या वस्तूंकडे वळते आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या, माझ्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतल्या पेट्यांत व कपाटांत पाहिलेले स्वेटर, टोपडी, मोजे, तोरणे आणि रुमाल हे या लेखाचे साहित्य. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणासाठी तरी विणलेली आहे. भाच्यासाठी, नणंदेच्या बाळासाठी, मैत्रिणीच्या लग्नासाठी, नाहीतर भाऊबीजेला भावासाठी. माझे म्हणणे थोडक्यात असे : विणलेली भेट वाचायची असेल, तर ती सुंदर आहे का, हा प्रश्न आधी विचारू नये. माप कोणाचे घेतले गेले, हे आधी विचारावे. त्या उत्तरावर तिचा सगळा अर्थ अवलंबून असतो.

१. मुका खांब

स्त्रियांच्या श्रमातून आलेल्या शब्दांना मराठी संशोधनाने पूर्वीच मान दिला आहे. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे दालन उघडले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या हजारो ओव्या गोळा केल्या. जाते आणि गाणे यांचे जमते, कारण दळताना हात एका लयीत फिरतो आणि तोंड मोकळे असते. विणकामाचे तसे नाही. साध्या विणीत गप्पा चालतात, पण नक्षी सुरू झाली की ओठ मिटतात. टाके मोजायचे असतात. मध्येच कोणी हाक मारली तर ‘थांब, ओळ पुरी होऊ दे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून जात्याने ओवी दिली, सुयांनी दिली नाही. ओवी शोधत गेलेल्या अभ्यासकाला विणणाऱ्या बाईकडे मौनच सापडले असते.

क्रोशाच्या परिभाषेत एका टाक्याला ‘मुका खांब’ म्हणतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी ती चढण आहे. या कलेच्या इतिहासाला मुका खांब हे नाव शोभून दिसेल. तरी ती अगदीच निरक्षर नाही. जुन्या घरांतून नमुन्यांच्या वह्या सापडतात. ‘दोन सुलट, एक उलट, फुलीपासून पुन्हा’ अशी टिपणे त्यात असतात आणि नमुन्यांना नावे असतात ती माणसांची : बँकेतल्या बाईंची जाळी, नागपूरच्या मामींची वेणी. नमुना कोणाकडून आला याचा ऋणनिर्देश वहीत नेमका होतो. वस्तूवर मात्र विणणारीचे नाव कुठेच नसते. साहित्यात पुस्तकावर नाव असते आणि ऋणे बहुधा लपवलेली असतात. येथे नेमके उलटे आहे.

२. साहित्यातली सुई

विणलेल्या वस्तूवरची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कविता पक्ष्याविषयी आहे. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता शाळेमुळे घरोघर पोचली. ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली आला. त्या कवितेतला खोपा पिलांसाठी आहे, म्हणजे तोही एका अर्थी भेटच. विणण्याचा विणीशी, जन्म देण्याशी असलेला संबंध बहिणाबाईंनी असा सहज पकडला. त्यांच्या कवितेत वस्तू, ती करणारी आणि ज्यांच्यासाठी केली ती पिले, ही तिन्ही एकत्र दिसतात.

जागतिक साहित्यात हे तिन्ही एकत्र क्वचितच टिकतात. ‘ओडिसी’तली पेनेलोपी मागावर जे वस्त्र विणते, ते सासऱ्याचे कफन आहे. घरच्या माणसासाठी हाताने केलेली ती वस्तू आहे, हे आपल्याला आठवतही नाही. आठवते ती दिवसा विणून रात्री उसवण्याची युक्ती. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) मधली मादाम दफार्ज आपल्या विणकामात शत्रूंची नावे गुंफते. तिथे वीण म्हणजे गुप्त लिपी झाली. दोन्हीकडे विणलेली वस्तू कोणाच्या अंगावर बसेल का, हा प्रश्न लेखकाला पडत नाही.

तो पडला व्हर्जिनिया वुल्फला. ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीच्या सुरुवातीला मिसेस रॅम्से दीपस्तंभावरच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी लोकरी मोजा विणत असते. तो मुलगा समोर नाही, म्हणून ती आपल्या मुलाच्या, जेम्सच्या पायाला लावून लांबी पाहते. जेम्स चुळबुळ करतो, आणि मोजा आखूड भरतो. एरिश आउअरबाख या जर्मन समीक्षकाने नाझी राजवटीमुळे देश सोडल्यावर इस्तंबूलमध्ये ‘मिमेसिस’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. होमरपासून सुरू होणाऱ्या त्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाचे नाव आहे ‘तपकिरी मोजा’. माप घेण्याच्या त्या क्षणभराच्या कृतीत मनातले किती विचार येऊन जातात, बाहेरचा वेळ किती थोडा आणि आतला किती लांब, हे त्याने दाखवले आणि आधुनिक कादंबरीचे तंत्र उलगडले.

मला त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. भेट एका मुलाची आहे आणि माप दुसऱ्याचे घेतले जात आहे. मिसेस रॅम्सेची माया खरी आहे, पण ज्याला द्यायचे त्याच्या पायापर्यंत तिचा हात पोचलेला नाही. मोजा आखूड भरणे हा त्या अंतराचा हिशेब आहे. विणलेल्या भेटीची समीक्षा इथून सुरू होऊ शकते.

३. घाटावर आणि घाटाखाली

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखालचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याला थंडी बऱ्यापैकी असते. तिथे स्वेटर वापरून झिजतो. घाटाखाली हिवाळा थोड्या दिवसांचा, त्यामुळे मी पाहिलेल्या घरांत सुती क्रोशाचे काम अधिक आणि लोकरीचे कमी होते.

घाटाखालचा हा भाग कापसाचा. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी मोठी होती की तिच्यासाठी जलंबहून खास फाटा टाकून १८७० साली आगगाडी आणली गेली. इथल्या गाठी मुंबईमार्गे विलायतेतल्या गिरण्यांकडे जात. क्रोशाचा पांढराशुभ्र, पिळदार दोरा मात्र गुंडीच्या रूपाने दुकानातून विकत आणावा लागे आणि आजही लागतो. लोकर लुधियानाकडची, आणि ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, ॲक्रिलिकची असते. आपल्या वावरात पिकणाऱ्या कापसाशी क्रोशावाल्या बाईचा संबंध येतो तो वाती वळताना आणि देवाची वस्त्रे करताना. भेट ‘घरची’ असते ती कच्च्या मालामुळे नव्हे, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते. तिच्यातले घरचे असते ते मोजमाप आणि वेळ.

आता बाळंतविड्याकडे येऊ. बाळंतविड्यातले टोपडे, कुंची, झबले आणि मोजे ही या प्रकारातली सर्वांत अवघड भेट म्हटली पाहिजे, कारण जिचे माप घ्यायचे ती व्यक्ती अजून जन्मलेली नसते. आमच्याकडे बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवे काही आणू नये असा संकेत होता. पण विणणे म्हणजे ‘आणणे’ नव्हे, अशी पळवाट बायकांनी काढली. दुपारच्या वेळी टोपडे विणले जाई आणि कोणी आले की पदराखाली जाई. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसे, म्हणून रंग पिवळा, पांढरा किंवा पोपटी. टोपडे बरोबर झाले का, हे माझी मावशी सोललेल्या नारळावर घालून पाही. देवापुढचा तोच नारळ काही क्षण येणाऱ्या बाळाचे डोके होई. इथे माप अंदाजाचे आहे आणि अंदाजात वाट पाहणे आहे. हे टोपडे बारशाला सैल झाले तरी कोणी नाव ठेवत नाही. ‘वाढत्या अंगाचे आहे’ असे म्हणतात. भविष्याला दिलेली सूट म्हणजे हे वाढते माप.

मोठ्या माणसाच्या स्वेटरला ही सूट नसते. त्याला माप विचारावे तर भेट फुटते. म्हणून दांडीवर वाळत घातलेला त्याचा सदरा गुपचूप मोजला जातो. टेप नसला तर वितीने. वहीत नोंद अशी : ‘छाती दोन वितीला चार बोटे कमी, लांबी तीन वीत.’ ही वीत विणणारीची. तिची वही दुसरीने वापरली तर स्वेटर बिघडतो, कारण दुसरीची वीत वेगळी. म्हणजे स्वेटरमध्ये शरीरे दोन असतात. ज्याला द्यायचा त्याची छाती आणि जिने विणला तिचा पंजा. वस्तूवर सही नाही असे मी वर म्हटले. ती असलीच तर या वितीत आहे.

या वितीमागे श्रम किती? एक साधा हिशेब मांडते. मध्यम मापाच्या स्वेटरला पुढच्या भागात १०० टाके आणि १५० ओळी धरल्या तर १५,००० टाके होतात, मागचा भाग धरून ३०,०००. एका बाहीला सरासरी ६० टाके आणि ११० ओळी धरल्या तर दोन बाह्यांचे १३,२००. एकूण ४३,२००. मिनिटाला २५ टाके या बऱ्या वेगाने नुसते टाके घालायलाच सुमारे २९ तास लागतात. गळा, पट्ट्या, जोडणी आणि चुकलेले उसवणे वेगळे. हे २९ तास सलग कोणाला मिळतात? ते पोळ्या झाल्यानंतरच्या, मुले शाळेतून येण्याआधीच्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून जमवलेले असतात.

विणलेल्या कपड्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तो उसवता येतो. मागावरचे कापड फाटते, कापले जाते, गोधडीत जाते. विणलेला स्वेटर मात्र धाग्याचे एक टोक सापडले की पुन्हा लडी होतो. ती लडी धुऊन, वजन टांगून वाळवली की दोऱ्यातले वळसे बरेचसे जातात आणि मोठ्या भावाचा स्वेटर धाकट्या बहिणीचा होतो. एका घरात मी पाहिलेल्या चौकटीच्या स्वेटरमधली निळी लोकर तीन माणसांच्या अंगावरून आलेली होती. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. जुन्या पोथीत खरडून पुन्हा लिहिलेल्या पानासारखे हे आहे. फरक एवढाच की इथे मूळ संहिता शोधण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक वेळी माप नव्या माणसाचे घेतलेले असते आणि त्या वेळेपुरता तोच मूळ पाठ असतो.

४. रुखवत : जिथे माप उलटते

इथवर विणणारी मोजते आणि घेणारा मोजला जातो. रुखवतात हे उलटते. मूळ अर्थाने रुखवत म्हणजे वधूपक्षाकडून वराकडच्यांना दिला जाणारा फराळ. पुढे त्यात भांडी, शोभेच्या वस्तू आणि मुलीच्या हातची कला आली. क्रोशाचे तोरण, टेबलावरचा रुमाल, टीव्हीचे झाकण, फोनचे झाकण, ताटावरची जाळी असे पुष्कळ काही मांडलेले असते. या वस्तू भेट म्हणून जातात, पण त्यांना माप नसते. ज्या दाराला तोरण लागायचे ते दार मुलीने बहुधा पाहिलेलेही नसते. मी पाहिलेली कितीतरी तोरणे सासरच्या दाराला लांब झाली किंवा आखूड पडली आणि पेटीत गेली. तिथे मोजली जाते ती मुलगी. वराकडच्या जाणत्या बायका रुमाल हातात घेतात, उलटा करतात, मागच्या गाठी पाहतात आणि विचारतात, ‘सगळं हिनंच केलं का?’

हे वाचताना मला आमच्याच गावच्या ताराबाई शिंदे आठवतात. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते, आणि मुलीला त्यांनी घरीच शिकवले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा आणि त्यानंतर वृत्तपत्रांतून झालेली स्त्रीजातीची निंदा हे निमित्त झाले, आणि १८८२ साली ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पुढे ते विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. विणकाम हा ताराबाईंचा विषय नव्हे. त्यांची पद्धत मात्र इथे उपयोगी पडते. जो दोष स्त्रीच्या माथी मारला जातो तोच पुरुषाच्या पारड्यात टाकून त्या वजन करतात. एकाच मापाने दोघांना मोजा, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि तेवढ्याने समोरच्याचा युक्तिवाद कोसळतो.

ही तुलना रुखवताला लावली की प्रश्न सरळ होतो. वराने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूंचे टेबल मांडवात कुठे असते? त्याच्या गाठी कोण उलटून पाहतो? भेट एका बाजूने जाते आणि परीक्षाही त्याच बाजूची होते. मार्सेल मोसने १९२५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परत करणे अशी भेटीची तीन बंधने सांगितली. रुखवतात पहिली दोन दिसतात, तिसरे नाही.

आता तयार रुखवत विकत मिळते, भाड्यानेही मिळते. याला कलेचा ऱ्हास म्हणणारे लेख आपण वाचतो. मला ते पटत नाही. जिथे वस्तू भेटीच्या नावाखाली उत्तरपत्रिका म्हणून मागितली जाते, तिथे ती दुसऱ्याकडून लिहून घेणे हे अन्यायाला दिलेले शहाणे उत्तर आहे. मात्र रुखवताची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पुष्कळ रुखवते एकटीची नसत. मैत्रिणी, चुलत-मावस बहिणी एकेक वस्तू वाटून घेत. अशा वस्तूंत सासरची परीक्षा नसते, निरोप असतो. एका घरात पाहिलेला क्रोशाचा छोटा बटवा मैत्रिणीने दिलेला होता, नवरीच्या मुठीच्या मापाचा. त्या सगळ्या मांडणीतून वापरून झिजलेला तेवढाच.

५. ‘तेवढाच टाइम जाते’

विणणाऱ्या बाईला कौतुकाने काही विचारले की आमच्याकडे ठरलेले उत्तर येते : ‘काय करता बाप्पा, तेवढाच टाइम जाते.’ या वाक्यात नम्रता आहे, पण तिचा फायदा इतर घेतात. जे २९ तास तिने दिले ते तिच्याच तोंडून ‘गेलेले’ ठरतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाकाम करणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. मिशनऱ्यांनी शिकवलेली ही कला तिथे निर्यातीचा मोठा धंदा झाली, पण काम करणाऱ्या स्त्रिया ‘घरी बसून रिकाम्या वेळात’ विणतात असे मानल्याने त्यांची मजुरी नगण्य राहिली, हे मीस यांनी दाखवले. ‘वेळ जातो’ या समजुतीवर पूर्ण बाजार उभा राहू शकतो.

आपल्याकडे बचत गटांच्या प्रदर्शनांत क्रोशाची बाहुली किंवा बाळाचा सेट विकायला असतो. तिथे भाव करणारा माणूस नेमके हेच म्हणतो, ‘घरीच तर बनवलंय.’ विकायचे असेल तेव्हा तासांचा पैसा मागितलाच पाहिजे. आणि भेट द्यायची असेल तेव्हाही ते तास दिलेले म्हणून मोजले गेले पाहिजेत, गेलेले म्हणून नव्हे. हाताने केलेल्या भेटीचा गोडवा गाणारे लेखन बाईच्या फुकटच्या श्रमावर पांघरूण घालते आणि तिला रिकामा उद्योग म्हणणारे लेखन तिचे ज्ञान नाकारते. दोन्हींपासून सावध राहायचे तर मापाकडे परत यावे लागते. कारण दुसऱ्याचे माप जाणणे हे ज्ञान आहे, आणि ते मिळवायला वेळ लागतो.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या स्त्रियांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. ज्याला द्यायचे त्याचे नाव माहीत नाही, अंगही माहीत नाही. मिसेस रॅम्सेपुढचा प्रश्न तेव्हा लाखो घरांत एकदम आला. अशा वेळी घरातल्याच एखाद्या तरण्या मुलाच्या अंगावरून माप घेण्यावाचून दुसरा उपाय नसतो. रॅम्सेबाईंच्या मोज्यात जे अंतर होते तेच इथे आपलेपणा होते : परक्याला आपल्या मुलाचे माप देणे. त्यामुळे चुकलेले माप नेहमी उणे असते, असे म्हणता येत नाही. कोणाच्या ऐवजी कोणाला मोजले, हे पाहूनच ते ठरवावे लागते.

वह्या आता जीर्ण होत आहेत आणि स्वेटर कसरीने खाल्ले जात आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर निघतात आणि अनेकदा भांडेवालीकडे जातात. ते देण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असे मला सुचवायचे आहे : कोणी विणले, कोणासाठी, कोणत्या साली आणि माप कशावरून घेतले. पहिल्या तीन प्रश्नांनी इतिहास मिळेल, चौथ्याने समीक्षा. यंदा भाऊबीजेच्या ताटाशेजारी कोणी विणलेले काही ठेवले, तर किती दिवस लागले हे विचारू नये. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, टाइमच जाते म्हणून. त्याऐवजी विचारावे, ‘ताई, माझं माप तू कधी घेतलंस?’